चादरीवरचा मोर आणि कुलूपबंद कपाट

वाचकाचे पत्र

मी दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. शाळा पहिली ते आठवीची आहे आणि एकूण पट १४२ आहे. विज्ञान साहित्याचे एक लोखंडी कपाट आहे, पण ते वर्षभर कुलपात असते. सगळे साहित्य डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरात, नोंदलेले असल्याने काही फुटले तर भरपाई कोण करणार, असे मुख्याध्यापक विचारतात. अनुदान येते ते मार्चच्या तोंडावर, आणि ते वीजबिल व रंगरंगोटीत संपते. विज्ञानासाठी काही मागितले की चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या आहेत, आधी त्या सांभाळा, असे उत्तर मिळते. परवा सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘मॅडम, चादरीवरचा मोर मागाला कसा कळतो?’ तिचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर कामाला आहेत. मला उत्तर आले नाही. ‘नंतर सांगते’ म्हणून मी पुढचा पाठ घेतला आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिले आहे. अनुदाने, स्पर्धा, ऑनलाइन साहित्य यांची माहिती तुकड्यातुकड्यांनी कानावर येते. त्यातले माझ्या शाळेला काय लागू पडते आणि सुरुवात कुठून करावी, हे सांगाल का?

— एक शिक्षिका, दक्षिण सोलापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात कपाट, पैसा, चाचणी आणि मोर असे चार विषय आहेत. मोर तुम्ही सर्वांत शेवटी आणि जरा संकोचाने मांडला आहे. माझ्या मते कामाची सुरुवात कपाटापासून करावी, लगेच मोराकडे यावे आणि पैसा व चाचणी यांना त्यांच्या मागून येऊ द्यावे. हे मी अनुभवाने सांगते. एकतीस वर्षे विज्ञान शिकवताना, अनुदान आले की प्रयोग सुरू करू असे ठरवलेली माझी सगळी वर्षे कोरडी गेली, कारण पैसे हाती आले तेव्हा नेमके काय घ्यायचे हे मलाच ठाऊक नव्हते. ज्या वर्षी वर्गात एखादा प्रश्न आधीच उभा होता, त्या वर्षी थोड्या पैशांतही पुष्कळ झाले.

आता कपाट. मुख्याध्यापकांच्या भीतीला कारण आहे, तिला नावे ठेवू नका. पदभार देताना डेडस्टॉक रजिस्टरातील एकेक वस्तू मोजून द्यावी लागते आणि एक चंचुपात्र कमी भरले तरी निवृत्तीच्या वेळी कागद अडतो, हे त्यांनी कुठेतरी पाहिलेले असते. तेव्हा त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाण्याऐवजी कामाची व्यवस्था घेऊन जा. एखादा शनिवार मागून घ्या, आठवीची चार मुले सोबत घ्या, कपाट रिकामे करा आणि प्रत्येक वस्तू रजिस्टराशी ताडून पाहा. सूक्ष्मदर्शक, तराजू, चुंबक, प्रतिकृती यांसारख्या टिकाऊ वस्तू डेडस्टॉकलाच राहू द्या. परीक्षानळ्या, चंचुपात्रे, लिटमस, मेणबत्त्या, सेल अशा वापरून संपणाऱ्या किंवा फुटणाऱ्या वस्तूंची नवी खरेदी झाली की ती उपभोग्य वस्तूंच्या वेगळ्या नोंदवहीत घ्या. जुन्या नोंदींतील निकामी वस्तूंची यादी करून ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा, ठराव घ्या आणि निर्लेखनाचा, म्हणजे त्या वस्तू नोंदीतून कमी करण्याचा, प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षण कार्यालयाकडे पाठवा. त्यानंतर दारावर एक साधी फुटतूट वही टांगा आणि तिच्यात तारीख, वस्तू, कोणता प्रयोग चालू होता आणि तुमची सही इतकेच लिहीत जा. वर्षाअखेरीस ती वही समितीपुढे ठेवली की ‘भरपाई कोण करणार’ हा प्रश्न एकट्या मुख्याध्यापकांच्या गळ्यात राहत नाही. त्यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ ची आठवण जरूर द्या. कृती, शोध आणि अन्वेषण यांतून मुलाने शिकावे, असे २००९ च्या त्या कायद्यातच लिहिलेले आहे, त्यामुळे कपाट उघडणे हे तुमच्या कामातच मोडते.

एका गोष्टीबाबत मात्र कडक राहा. अशा कपाटाच्या खालच्या कप्प्यात बहुधा दोन-तीन बाटल्या असतात, ज्यांचे लेबल वाळवीने किंवा वाफेने खाल्लेले असते आणि झाकणाभोवती पांढरी पूड जमलेली असते. त्या मुलांना हाताळू देऊ नका, स्वतः उघडून वास घेऊन पाहू नका आणि गटारात तर मुळीच ओतू नका. त्या उभ्या स्थितीत प्लास्टिकच्या बादलीत वाळू घालून बाजूला ठेवा आणि जवळच्या माध्यमिक शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील शिक्षकांना बोलावून त्यांच्या ताब्यात द्या. पाऱ्याचे तापमापक सापडले तर तेही वापरातून काढा आणि पुढे रंगीत अल्कोहोलचे घ्या. सहावी ते आठवीच्या आम्ल-आम्लारीच्या पाठाला लिंबू, चुन्याची निवळी, खाण्याचा सोडा आणि हळदीचा कागद पुरतो. हळदीचा पिवळा कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो, हे एकदा स्वतःच्या हाताने केलेले मूल दर्शक म्हणजे काय हे विसरत नाही.

आता मोराकडे येते. चादरीचे कापड उभ्या ताण्याचे आणि आडव्या बाण्याचे असते. बाण्याचा धागा ताण्याच्या ज्या धाग्यांखालून जातो तिथे ताण्याचा रंग वर दिसतो आणि ज्यांच्यावरून जातो तिथे बाण्याचा. मोर विणायचा म्हणजे प्रत्येक आडव्या धाग्याच्या वेळी ताण्याचे नेमके कोणते धागे वर उचलायचे, हे मागाला सांगावे लागते. हे सांगण्याचे काम मागाच्या डोक्यावर बसवलेले जॅकार्ड करते. फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा बसवली. तिच्यात जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक साखळी असते आणि पट्ट्यांवर भोके पाडलेली असतात. एकेक पट्टी पुढे सरकते आणि सुयांची रांग तिच्यावर टेकते. जिथे भोक असते तिथे सुई आत शिरते, तिला जोडलेला हूक जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या पात्याला अडकून ताण्याचा धागा उचलला जातो. जिथे भोक नसते तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक पात्यातून सुटतो आणि धागा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे मोराची एक आडवी ओळ. मागाला मोर कळत नाही. त्याला प्रत्येक जागी भोक आहे की नाही, एवढेच कळते, आणि एवढ्यावर अख्खा मोर उतरतो.

हे तुम्ही वर्गात फळ्यावर सांगू नका. त्या मुलीच्या वडिलांना विचारून कारखान्यातून एखादी टाकाऊ पट्टी मिळवा आणि ती वर्गात फिरवा. मुलांना ती उजेडासमोर धरू द्या, भोकांत पेन्सिलीचे टोक घालू द्या. मग चौकटीच्या वहीवर सोळा बाय सोळा घरांत प्रत्येकाने आपला मोर, फूल किंवा नाव बसवावे. भरलेले घर म्हणजे भोक, रिकामे घर म्हणजे कोरा पुठ्ठा. एका मुलाने ओळ वाचावी, ‘भोक, भोक, कोरे, भोक’, आणि दुसऱ्याने न पाहता आपल्या वहीत ती उतरवावी. दोन्ही चित्रे जुळली की त्यांना कळेल की चित्र आवाजाने, दोनच शब्दांत, एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेले. मग आठवीच्या मुलांना विचारा की आठ जागांच्या एका ओळीत किती वेगवेगळे नमुने बसतील. प्रत्येक जागेला दोन शक्यता, म्हणून दोनाचा आठवा घात, २५६. घातांकाचा धडा त्यांना इथे हाताने लागतो. याच भोकांच्या कार्डांनी १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेची मोजणी यंत्रावर झाली आणि पुढे संगणकांनाही अनेक दशके अशाच कार्डांवरून सूचना दिल्या जात. सोलापूरच्या मुलांना संगणकाची गोष्ट परदेशातून सुरू करून सांगण्याची गरज नाही, तिचा एक धागा त्यांच्या घरातल्या चादरीत आहे. आणि त्या मुलीला सर्वांदेखत सांगा की तुझा प्रश्न मला येत नव्हता, म्हणून आपण सगळे तो शोधतो आहोत. शिक्षकाने हे म्हणणे मुलांना फार धीर देते. आपल्याकडची बरीच मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि मराठीत प्रश्न विचारताना आधीच कचरतात, म्हणून हे मी आवर्जून लिहिते.

पैशाचे आता बोलू. समग्र शिक्षा योजनेत शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना पटावर आधारित संयुक्त शाळा अनुदान असते. योजनेच्या आराखड्यानुसार ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० पटाला ५० हजार आणि २५१ ते १००० पटाला ७५ हजार रुपयांपर्यंत रक्कम धरलेली आहे. तुमचा पट १४२, म्हणजे तुम्ही ५० हजारांच्या गटात येता. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष हप्ता किती आला, हे त्या वर्षीच्या वितरण पत्रात पाहावे. किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असते, आणि वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, नोंदवह्या, खडू यांसोबत बंद पडलेल्या साहित्याच्या जागी नवे घेणे आणि प्रयोगशाळा, अध्ययन साहित्य हेही याच अनुदानाच्या हेतूंत बसते. म्हणजे तुमची मागणी नियमाबाहेरची नाही. ती फक्त वेळेवर आणि कागदावर झाली पाहिजे.

वेळेचे महत्त्व मला एका चुकीने शिकवले. एका वर्षी रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर आली आणि ३१ तारखेच्या आत ती खर्ची पडायची होती. त्याच दिवशी एक विक्रेता ‘संपूर्ण विज्ञान पेटी’ घेऊन शाळेत आला आणि आम्ही ती घेतली. जूनमध्ये पेटी उघडली तेव्हा भिंगे प्लास्टिकची होती, चुंबक टाचणीही उचलत नव्हता, आणि ताणकाट्याची खूण शून्यावर येतच नव्हती. पेटी परत गेली नाही आणि पुढची तीन वर्षे ‘विज्ञानाला दिले होते की’ असे मला ऐकावे लागले. म्हणून जुलैतच यादी तयार ठेवा, दोन-तीन ठिकाणचे दर मागवा, समितीचा ठराव करून ठेवा. रक्कम येईल तेव्हा फक्त खरेदीचा आदेश द्यायचा उरला पाहिजे.

यादी छोटी आणि संख्येने भरपूर असावी. एका मोठ्या प्रतिकृतीपेक्षा दहा हातभिंगे कितीतरी अधिक उपयोगी आहेत, कारण चार मुलांच्या गटात एक भिंग आले की प्रत्येकाचा डोळा त्याला लागतो. भिंगे, अल्कोहोलचे तापमापक, दोन क्षमतांचे ताणकाटे, चांगले पट्टीचुंबक, मोजपात्रे, सेल-बल्ब-वायर आणि दोन स्वस्त मल्टिमीटर, एवढ्याने तिन्ही वर्गांचे बहुतेक प्रयोग होतात. काचेच्या कपाटात ठेवायचा सांगाडा आणि भिंतीवरचे चकचकीत तक्ते यांवर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संयुक्त अनुदानाखेरीज तुमच्या मुलांच्या हाती थेट पैसे येण्याचा मार्ग म्हणजे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर-मानक योजना. सहावीपासून पुढच्या वर्गांतील मुलांच्या नव्या कल्पना शाळेने ऑनलाइन नोंदवायच्या असतात आणि एका शाळेला पाच नावे देता येतात. निवड झाली की प्रतिकृती बनवण्यासाठी १० हजार रुपये मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. नोंदणी साधारणपणे जुलै ते सप्टेंबरमध्ये चालते, म्हणून मुलांची बँक खाती आणि आधार जोडणी आत्ताच तपासा, ऐनवेळी तिथेच घोडे अडते. कल्पना मुलाचीच हवी. जॅकार्डची प्रतिकृती नवी कल्पना ठरणार नाही. मात्र मागावर दिवसभर उभे राहणाऱ्या वडिलांना आवाजाचा, उडणाऱ्या तंतूंचा, जड गठ्ठे उचलण्याचा काय त्रास होतो, हे त्या मुलीने त्यांना विचारले तर त्यातून नोंदवण्याजोगे काहीतरी खात्रीने निघेल.

समग्र शिक्षेतच राष्ट्रीय आविष्कार अभियान येते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते जुलै २०१५ मध्ये सुरू झाले आणि गणित-विज्ञानाचे साहित्य, प्रदर्शने, प्रश्नमंजूषा व अभ्याससहली यांना त्यातून पैसा मिळतो. तो जिल्हा पातळीवरून येतो, तेव्हा गटसाधन केंद्रातील विषय साधनव्यक्तींना यंदा आपल्या तालुक्यासाठी काय मंजूर आहे, हे विचारा. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हाताने उपकरणे बनवून पाहण्याची शाळेतली कार्यशाळा, हिच्याविषयी तुम्ही ऐकले असेल. शाळेला एकूण २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देणारी ती योजना मुख्यत्वे माध्यमिक वर्ग असलेल्या शाळांसाठी आहे, त्यामुळे तिच्या अर्जामागे तुम्ही वेळ घालवू नका. तुमची मुले नववीला ज्या शाळेत जातात तिथे अशी लॅब असेल, तर महिन्यातून एक दिवस तुमच्या मुलांसाठी मागा. परिसरातील इतर शाळांना लॅब खुली करणे त्या योजनेत अपेक्षितच आहे. केंद्राच्या विद्यांजली संकेतस्थळावर शाळेला लागणाऱ्या वस्तूंची मागणीही टाकता येते. तुमच्या तालुक्यातच फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे आणि जिल्ह्यात साखर कारखान्यांची तर रांग आहे. सामाजिक दायित्व निधीसाठी अशा ठिकाणी अर्ज देताना ‘विज्ञान साहित्य मिळावे’ असे मोघम लिहू नका. ‘सहावी ते आठवीच्या वर्गांत गटागटाने करायच्या अमुक प्रयोगांसाठी अमुक वस्तू, अमुक नग’ असे लिहा आणि सोबत फुटतूट वहीची एक प्रत जोडा. वस्तू खरोखर वापरल्या जातात याचा तो पुरावा असतो आणि देणाऱ्यावर त्याचा फार परिणाम होतो.

चाचण्यांच्या बाबतीत मुख्याध्यापकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. केंद्राच्या स्टार्स या शिक्षण प्रकल्पाखाली आपल्या राज्यात सुरू झालेली नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे पायाभूत आणि दोन संकलित, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी याच विषयांची असते. विज्ञान तिच्यात नाही. परंतु त्यावरून विज्ञानाला चाचणीच नाही असे समजणे चूक आहे. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले आहे. तीत नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी मिळते, तिथेही जमले नाही तर त्याला त्याच वर्गात बसावे लागते, आणि आठवीच्या त्या परीक्षेत विज्ञान आहे. आठवीलाच एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील हुशार मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते, पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि यादीत आलेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. तिच्या ९० गुणांच्या शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाला ३५ गुण आहेत आणि गणिताला २०. यंत्रमागावर, विडीच्या कामावर किंवा शेतात राबणाऱ्या घरातील मुलाच्या दृष्टीने त्या ३५ गुणांची किंमत चार वर्षांचे ४८ हजार रुपये आहे, हे वाक्य मुख्याध्यापकांपुढे अगदी असेच ठेवा.

याहून मोठी गोष्ट परख या राष्ट्रीय शैक्षणिक सर्वेक्षणाची आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभरात तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांहून अधिक मुलांची ही चाचणी झाली. तिचे वर्ग विचारपूर्वक निवडलेले आहेत. प्रत्येक वर्गाची चाचणी त्याच्या आधीच्या टप्प्यातले शिक्षण मोजते, म्हणजे नववीच्या मुलांना विचारलेले प्रश्न सहावी ते आठवीत काय रुजले याचे असतात. त्या नववीच्या विज्ञानात देशाची सरासरी ४० टक्के आली आणि गणितात ३७. हा आकडा वर्तमानपत्रांत ‘नववीचा निकाल’ म्हणून छापला गेला, पण खरे तर तो तुमच्या-माझ्यासारख्या उच्च प्राथमिकच्या शिक्षकांच्या टप्प्याचा आहे, आणि तो वाचून मला दोन दिवस चैन पडले नव्हते. कपाट कुलपात ठेवून हा आकडा वर जाणार नाही. असल्या प्रश्नांत पाठ केलेली व्याख्या चालत नाही, तक्ता वाचावा लागतो, निरीक्षणावरून निष्कर्ष काढावा लागतो. आणि तेच कौशल्य नियतकालिक चाचणीतील भाषेच्या माहितीपर उताऱ्याला आणि गणिताच्या मापनाला लागते. म्हणून आठवड्यातील एका प्रयोगाचे लेखन मराठीच्या तासाला आणि त्याचा आलेख गणिताच्या तासाला घ्या. मग विज्ञानाने इतर विषयांचा वेळ खाल्ला, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

ज्या दोन-चार मुलांना याहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी सहावी आणि नववीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. ती मराठीतूनही देता येते आणि लेखी परीक्षेनंतरच्या फेऱ्यांत प्रात्यक्षिक, प्रकल्प व मुलाखत असते. पहिल्या वर्षी एकाच मुलाला बसवले तरी पुरे. मुले कमी असली तरी चालतील, शिकवणीचा धंदा मात्र होऊ देऊ नका.

ऑनलाइन साहित्याचा ढीग आहे आणि त्यात हरवायला होते, म्हणून मी तीनच गोष्टी सुचवते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून बनवायच्या शेकडो खेळण्यांच्या कृती आहेत आणि त्यांच्या पुष्कळ चित्रफिती मराठीत आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची आभासी प्रारूपे विनामूल्य असून त्यांतील अनेक मराठीत उघडतात, आणि ती आधी उतरवून ठेवली तर नेटविनाही चालतात. विद्युत परिपथाचे प्रारूप दाखवण्यापूर्वी मात्र खरा सेल आणि खरा बल्ब मुलांच्या हातून पेटलेला असावा, हा क्रम मोडू नका. तिसरी गोष्ट बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आणि सरकारचे दीक्षा हे अभ्यासाचे अॅप. ते तुम्ही वापरत असालच.

सहलीसाठी लांब जाण्याची आवश्यकता नाही. केगाव परिसरात सोलापूर विज्ञान केंद्र आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही त्याच भागात आहे, त्यामुळे एका दिवसात दोन्ही होतात. नान्नजचे माळढोक अभयारण्य पाहायचे तर मुलांना आधीच सांगा की माळढोक दिसेलच असे नाही. गवताळ माळरान हे स्वतःच पाहण्याचे ठिकाण आहे, ओसाड जमीन नव्हे, हे तिथे उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. ज्या सहलीत मुलांच्या हातात वही आणि दोन ठरलेले प्रश्न नसतात, ती मी सहल समजते, अभ्याससहल समजत नाही.

शेवटी लगेच करण्याजोगे एक काम देते, ज्याला ना अनुदान लागते ना कपाटाची किल्ली. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावरून जातो, एकदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, ऑगस्टमध्ये नसते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून पटांगणात एक मीटरची काठी ओळंब्याने अगदी उभी रोवा आणि रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास, सव्वाबारा ते पाऊण या वेळात, सर्वांत आखूड सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. २५ जुलैला ती सावली जेमतेम तीन-चार सेंटिमीटर असेल आणि चक्क दक्षिणेकडे पडेल, जे ‘सावली नेहमी उत्तरेला’ असे पाठ केलेल्या मुलांना पटणार नाही. ती दिवसागणिक आखडत जाईल, ऑगस्टच्या पहिल्या दोन-चार दिवसांत काठीच्या पायाशी नाहीशी होईल आणि मग उत्तरेकडे वाढू लागेल. ढगांमुळे एखादा दिवस हुकला तर ‘ढग, नोंद नाही’ असेच वहीत लिहू द्या, अंदाजाने आकडा भरू देऊ नका. करमाळा आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे आणि अक्कलकोट दक्षिणेला, त्यामुळे करमाळ्यात सावली अक्कलकोटपेक्षा सुमारे तीन दिवस आधी नाहीशी होते. हे सदर वाचणाऱ्या त्या दोन्ही तालुक्यांतील शिक्षकांनी आपापल्या शाळेच्या नोंदी पाठवाव्यात, आणि ताई, तुम्हीही तुमच्या मुलांची वही पाठवा. सगळ्या नोंदी शेजारी शेजारी याच सदरात छापू आणि तीन तालुक्यांच्या मुलांना त्यावरून पृथ्वीचा परीघ काढायला सांगू.